साठविलेले पैसे आणि न साठणारी रजा

गेल्या महिन्यात अंबरनाथ येथे औद्योगिक वसाहतीतील कार्यकर्त्यांची बैठक होती. नव्या मागणीपत्रकाचा मसुदा तयार करावयाचा, एवढाच विषय. मधल्या चहाच्या वेळी बदलापूरचा एक तरुण कार्यकर्ता सांगू लागला की, त्याने पोस्टात पाच वर्षांची आवर्ती ठेव सुरू केली आहे; दरमहा तीन हजार रुपये. कशासाठी, असे कोणीतरी विचारले. मोटार घ्यायची आहे, तो म्हणाला. जुनी का होईना, पण स्वतःची. आणि मोटार घेऊन? "लंडनला जायचंय, काका. रस्त्याने."

हशा पिकला. "अरे, अगोदर काटई नाक्यापर्यंत वेळेवर पोहोचून दाखव!" असे एकजण म्हणाला. बदलापूर-काटई रस्त्यावरची वाहनांची कोंडी ज्यांनी अनुभवली आहे त्यांना या विनोदाची धार समजेल. दुसऱ्या एका ज्येष्ठ साथींनी मात्र हसता हसता 'बूर्झ्वा स्वप्ने' असा शब्द वापरला. तो मुलगा ओशाळला आणि चहाचा कप घेऊन बाजूला जाऊन उभा राहिला. मीही हसणाऱ्यांपैकीच होतो, हे येथे कबूल केले पाहिजे. परतीच्या गाडीत ते हसणे मला डाचू लागले, आणि म्हणून हा लेख.

खाजगी मोटारीविषयी समाजवाद्यांच्या मनात जी अढी आहे ती निराधार नाही. एका माणसाला वाहून नेण्यासाठी रस्त्याची किती जागा आणि किती इंधन खर्ची पडते याचा हिशेब आपण अनेकदा मांडला आहे. तो खराच आहे. पण हा हिशेब बदलापूरच्या कंत्राटी कामगाराला ऐकवण्यापूर्वी त्याच्या मनात मोटारीची इच्छा कोठून उगवते ते पाहिले पाहिजे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून उल्हासनगर ५८ किलोमीटर, अंबरनाथ ६० आणि बदलापूर ६८. हे अंतर लाखो माणसे रोज उभ्याने कापतात. २०२५ च्या ९ जूनला मुंब्र्याजवळच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी एकमेकांना घासून खाली पडले आणि काहींचे प्राण गेले. त्यातील एक गाडी कर्जतकडे जाणारी, म्हणजे याच मार्गावरची होती. दाराचा दांडा धरून वर्षानुवर्षे प्रवास करणाऱ्या माणसाला 'मोटार' या शब्दाचा पहिला अर्थ प्रतिष्ठा असा लागत नाही. बसायला मिळणे, हा त्याचा पहिला अर्थ आहे.

मधू दंडवते १९७७ साली रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील लाकडी फळ्यांवर दोन इंच जाडीची गादी बसविली. त्या दोन इंचांची चेष्टा करणारे तेव्हाही होते. पण सामान्य माणसाच्या प्रवासातील सुख हा राजकारणाचा विषय आहे, हे आपल्या चळवळीने त्या गादीतून देशाला दाखवून दिले. मग आपल्याच बैठकीत एका कामगाराच्या प्रवासाच्या इच्छेवर हशा का पिकावा?

आणि मोटार ही गोष्ट या परिसराला परकी आहे असेही नव्हे. कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात प्रीमियरचा कारखाना होता. १९९० च्या दशकात फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या भागीदारीत तेथे '३०९' नावाची मोटार तयार होत असे. ती भागीदारी काही वर्षांतच मोडली, कारखाना थंडावला, आणि आज त्या बाजूला गेलात तर उंचच उंच निवासी इमारती दिसतील. ज्यांनी त्या मोटारींचे दरवाजे बसविले त्यांच्यापैकी कितीजण स्वतःच्या मोटारीने घरी गेले असतील, हा प्रश्न विचारण्याचीही गरज नाही. ते लोकलनेच गेले. दारात उभे राहून.

परदेशाचे म्हणाल, तर उल्हासनगरइतके परदेशाशी जखडलेले गाव ठाणे जिल्ह्यात दुसरे नाही. फाळणीनंतर सिंधमधून बोटींनी आणि आगगाड्यांनी आलेली सुमारे लाखभर माणसे कल्याणजवळच्या लष्करी छावणीतील बराकींत राहिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या छावणीचे नगर झाले. त्यांचा दूरचा प्रवास बचत करून झालेला नव्हता. बचत मागे टाकून झालेला होता. कॅम्प एक ते कॅम्प पाच ही नावे आजही रिक्षावाल्याच्या तोंडी आहेत. मुंबईहून सरळ रेषेत मोजले तर कराची ही दिल्लीहून जवळ पडते. तरीही कॅम्पातल्या एखाद्या वृद्धाला आपले जन्मगाव मोटारीने जाऊन पाहता आलेले नाही. अटारीची चौकी, जी अधूनमधून तरी उघडी असे, तीही २०२५ च्या एप्रिलमध्ये बंद करण्यात आली.

रस्त्याने परदेशी जाणे ही आजची श्रीमंती टूम आहे, असा समज मात्र चुकीचा आहे. १९५७ साली 'इंडियामॅन' नावाची साधी बस लंडनहून निघून इराण-पाकिस्तानमार्गे कलकत्त्यास पोहोचली होती, आणि तिच्यामागून पुढील वीस वर्षे कितीतरी बसगाड्या त्या वाटेने आल्या-गेल्या. १९७९ साली इराणात क्रांती झाली, वर्षाअखेर अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या, आणि ती वाट बुजली. त्याहून आपल्या जवळचे उदाहरण म्हणजे सतीश कुमार आणि ई. पी. मेनन. विनोबांचे हे दोन तरुण अनुयायी १९६२ साली अण्वस्त्रांच्या निषेधार्थ दिल्लीच्या राजघाटावरून पायी निघाले. जवळ पैसे बाळगू नका, असा विनोबांचा सल्ला. तो त्यांनी पाळला. पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण, रशिया करीत ते मॉस्को, पॅरिस, लंडन आणि शेवटी वॉशिंग्टनला पोहोचले. त्यांच्याजवळ मोटार नव्हती, पैसा नव्हता. पण एक गोष्ट त्यांच्याजवळ भरपूर होती. तिच्याकडेच मला वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. ती गोष्ट म्हणजे वेळ.

बदलापूरच्या त्या तरुणाशी मी नंतर एका रविवारी सविस्तर बोललो. त्याने माहिती चोख काढली आहे. कल्याणच्या परिवहन कार्यालयातून एक वर्षाचा आंतरराष्ट्रीय वाहन-परवाना मिळतो. मोटारीसाठी 'कार्नेट' नावाचा दस्तऐवज लागतो. गाडी परक्या देशात विकली जाणार नाही याची ती सीमाशुल्क खात्याला दिलेली हमी. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन ही १९१९ पासूनची संस्था तो देते, पण त्यापोटी बँकेची हमी ठेवावी लागते. चीनमधून जायचे तर तेथील तात्पुरता क्रमांक आणि सोबत सरकारमान्य वाटाड्या, त्याचा खर्च वेगळा. मणिपुरातील मोरेमार्गे म्यानमारमध्ये उतरण्याची वाट २०२१ चा लष्करी उठाव आणि २०२३ चा मणिपूरचा हिंसाचार यांनंतर भरवशाची राहिलेली नाही. त्याच्या पाच वर्षांच्या ठेवीचे ६.७ टक्के दराने सुमारे २ लाख १४ हजार रुपये होतील. त्यात जुनी मोटार येईल. लंडन येणार नाही. हे त्यालाही कळते. "मग आणखी पाच वर्षं भरीन," तो म्हणाला. चिकाटीने माणूस पैसे साठवू शकतो; आपल्या आयांनी तांदळाच्या डब्यात साठविले आहेत.

परंतु दिवस? येथे मी त्याला कारखाने अधिनियम, १९४८ मधील एकोणऐंशीवे कलम समजावून सांगितले, आणि सांगता सांगता माझेच डोळे उघडले. वर्षात २४० दिवस भरणाऱ्या कामगाराला दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा. तीनशे दिवस भरले तर पंधरा दिवस. न घेतलेली रजा पुढील वर्षात नेता येते, पण तीस दिवसांपर्यंतच. म्हणजे कायम कामगाराने कितीही काटकसर केली, एकही दिवस आजारपण-लग्नकार्यात घालविला नाही, तरी एका वर्षी त्याच्या हाती जास्तीत जास्त तीस जुने आणि पंधरा नवे असे पंचेचाळीस दिवस पडतात. मधले रविवार धरून बावन्न. आता २०२४ साली एक मराठी गृहस्थ लंडनहून मोटारीने ठाण्यास आले, त्याची बातमी आपण वाचली असेल. सोळा देश ओलांडत त्यांना ५९ दिवस लागले. तेही एकाच बाजूचे. येणे-जाणे सोडाच, नुसते पोहोचण्याइतकेही दिवस या देशातील कारखान्याचा कामगार चाळीस वर्षे राबून कायद्याने साठवू शकत नाही. (अर्ज करूनही रजा नाकारली गेली असेल तर तेवढी रजा मर्यादेशिवाय पुढे नेता येते. म्हणजे मालकाने वर्षानुवर्षे 'नाही' म्हणत राहावे, तेव्हा कोठे लंडनपुरते दिवस जमतील!)

याच्या शेजारी दुसरा एक नियम ठेवून पाहा. २००४ साली रिझर्व्ह बँकेने भारतातील व्यक्तीला वर्षाला २५ हजार डॉलर परदेशी पाठविण्याची मुभा दिली. २०१५ पासून ती मर्यादा अडीच लाख डॉलर आहे, दहापट. पैशाला सीमा ओलांडण्याची सवलत अकरा वर्षांत दहापटीने वाढली. श्रमिकाच्या रजेची तीस दिवसांची भिंत मात्र, २०२५ च्या नोव्हेंबरात लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेतही, तीसच दिवसांची राहिली. नव्या संहितेत रजेला पात्र होण्यासाठी २४० ऐवजी १८० दिवस पुरतात, हे न्यायाने नमूद करावयास हवे. तेवढा भाग स्वागतार्हच आहे. पण त्याच संहितेने वर्षाअखेर रजा विकून रोख रक्कम मागण्याचा हक्कही देऊन ठेवला आहे, आणि तीस दिवसांवरील शिल्लक रजेचेही पैसे घेण्याची सोय केली आहे. दिवस घ्या असे कोणी म्हणत नाही. पैसे घ्या, म्हणतात.

येथे सगळा दोष सरकारच्या माथी मारून मला मोकळे होता येत नाही. रजा विकण्याची कलमे करारात घालण्यासाठी आपणच भांडलो आहोत. मी स्वतः दोन करारांच्या वाटाघाटीत होतो, आणि दोन्ही वेळा रजेचे पैसे वाढवून मिळाले म्हणून द्वारसभेत हार घालून घेतले आहेत. कामगारांनाही ते हवे असते. मुलीची फी, गावच्या घराचे पत्रे, सावकाराचे व्याज यांना पैसे लागतात, दिवस लागत नाहीत. वेतनच अपुरे असते तेव्हा माणूस विश्रांती विकतो. हे समजण्यासारखे आहे. परंतु ज्या चळवळीची सुरुवात आठ तासांच्या दिवसाच्या मागणीने झाली, म्हणजे जिने सर्वप्रथम वेळच मागितला, तिच्या मागणीपत्रकांतून 'वेळ' हा शब्द नाहीसा कधी झाला, याचा शोध आपण घेतला पाहिजे.

अंबरनाथमध्येच याचे एक जुने आणि चांगले उदाहरण आहे. आयुधनिर्माणीतील कामगार हे केंद्र सरकारचे कर्मचारी. त्यांना रजा-प्रवास सवलत मिळे. वसाहतीतील जुन्या घरांत शिरलात तर भिंतीवर काश्मीरच्या शिकाऱ्यात बसलेल्या कुटुंबाचे छायाचित्र हटकून दिसेल. यंत्रावर काम करणारा फिटर, त्याची पत्नी, स्वेटर घातलेली दोन मुले. त्या माणसाने कन्याकुमारी पाहिली ती कोणाच्या मेहेरबानीने नव्हे. रजा आणि भाडे हे दोन्ही त्याच्या नोकरीच्या शर्तींतच होते. २०२१ साली देशातील ४१ आयुधनिर्माण्यांची सात कंपन्यांत वाटणी झाली. संपाला बंदी करणारा कायदाही त्याच वर्षी आला. आणि औद्योगिक वसाहतीत जी नवी पिढी कामाला लागते आहे तिला रजा-प्रवास सवलत हे शब्दच अपरिचित आहेत.

कारण ती पिढी कंत्राटी आहे. अकरा महिने झाले की ठेकेदार बदलतो, किंवा ठेकेदार तोच राहून त्याच्या पाटीवरचे नाव बदलते. यंत्र तेच, पाळी तीच, मुकादम तोच. सेवा मात्र पहिल्या दिवसापासून मोजावयाची. अशा माणसाची रजा साठणार कोठे?

जगात यावर विचार झालेला नाही असे नाही. फ्रान्समध्ये १९३६ च्या जूनमध्ये, कारखाने ताब्यात घेऊन बसलेल्या कामगारांच्या संपाच्या जोरावर, लिऑं ब्लुम यांच्या सरकारने दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने दिली. त्याच उन्हाळ्यात लिओ लाग्रांज या तरुण समाजवादी उपमंत्र्याने कामगारांसाठी रेल्वे भाड्यात चाळीस टक्के सूट काढली. कित्येक कामगार कुटुंबांनी समुद्र प्रथमच पाहिला. तेव्हाही उच्चभ्रू वर्तमानपत्रांनी टोपीवाल्या कामगारांची किनाऱ्यावरील गर्दी पाहून नाके मुरडली होती. आपल्या बैठकीतील हसण्याचे दूरचे नाते त्या नाक मुरडण्याशी नसावे, अशी माझी आशा आहे.

याहून मुद्द्याला नेमके लागू पडणारे उदाहरण ऑस्ट्रेलियाचे. एकोणिसाव्या शतकात तेथील वसाहतींच्या सरकारी नोकरांना दहा वर्षांच्या सेवेनंतर प्रदीर्घ रजा देण्याची पद्धत पडली. कारण काय, तर बोटीने इंग्लंडला मायदेशी जाऊन परत यावयास तेवढे महिने लागत. दूरच्या प्रवासासाठीच ती रजा जन्माला आली. पुढे कामगार संघटनांनी ती लढून सर्वांसाठी मिळविली, आणि १९५० च्या दशकापासून ती सामान्य कामगारांचा कायदेशीर हक्क बनली. न्यू साऊथ वेल्समध्ये दहा वर्षांमागे दोन महिने. व्हिक्टोरिया राज्याने तर २०१९ पासून सफाई कामगार आणि सुरक्षारक्षक यांच्यासाठी अशी व्यवस्था केली की, ठेकेदार बदलला तरी रजेचे खाते कामगाराबरोबर पुढे जाते.

हे खाते कामगाराबरोबर जाणे आपल्याला अशक्य वाटेल. पण महाराष्ट्राला ते नवीन नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने काय केले? आज या गाळ्यावर, उद्या त्या गुदामात गोणी उचलणाऱ्या, ज्याला एक मालकच नाही अशा हमालासाठी मंडळ उभे केले. मालकांनी मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळात भरावयाची. त्यातून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजेचे वेतन मंडळाने द्यावयाचे. पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली माथाड्यांनी लढून मिळविलेली ही गोष्ट आहे. भविष्यनिर्वाह निधीचा एकच क्रमांक आता नोकरी बदलली तरी कामगाराचा पाठलाग करतो. मग रजेचे दिवसच तेवढे ठेकेदाराच्या वहीत का मरावेत? अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर या पट्ट्यातील कंत्राटी कामगारांसाठी असे रजा-मंडळ मागावयाचे, दर दहा वर्षांच्या कामामागे, मग ते किती का ठेकेदारांकडे झालेले असेना, दोन महिन्यांची प्रदीर्घ भरपगारी रजा मागावयाची, आणि ही रजा विकता येणार नाही असे आपणच कलम घालावयाचे. अशी माझी सूचना आहे. शेवटच्या भागाला आपलेच सभासद विरोध करतील. त्यांच्याशी बोलावे लागेल.

त्या दोन महिन्यांत कोणी लंडनला जाईल, कोणी जाणार नाही. बहुतेकजण कोकणात किंवा देशावर आपल्या गावी जाऊन पडवीत बसतील, आणि त्यात गैर काहीच नाही. बदलापूरच्या नव्या गृहसंकुलांच्या फाटकाशी उभा असलेला नेपाळी रखवालदार कल्याणला कुशीनगर एक्स्प्रेस पकडून गोरखपूरला उतरतो आणि सुनौलीचा नाका ओलांडून घरी जातो. त्याच्यासाठी तोच लांबचा परदेशप्रवास, उलट्या दिशेचा. आमच्या तरुण साथीला मी हा रस्ता सुचविला. नेपाळात जाण्यास आपल्याला व्हिसा लागत नाही. नाक्यावर 'भन्सार' भरून मोटारही नेता येते. पंधरा दिवसांत येणे-जाणे होईल. त्याला हे पटले, पण पूर्ण नाही. लंडनचा नकाशा त्याने घडी करून परत पिशवीत ठेवला.

मग त्याने आवर्ती ठेवीचे पुस्तक दाखविले. सतरा हप्ते भरलेले आहेत, एकही चुकलेला नाही. मी त्याला मागील ठेकेदाराकडील हजेरीचे दिवस विचारले. तेही त्याने लिहून ठेवले होते: दोनशे ऐंशी. वीस दिवसांना एक, या हिशेबाने चौदा दिवसांची रजा. काम सुटले तरी तिचे वेतन देणे कायद्याने ठेकेदारावर बंधनकारक होते. ते कोणी दिले नाही आणि याने मागितलेही नाही, कारण ते मागता येते हे त्याला कोणी सांगितले नव्हते. आम्हीही नाही. त्याच्याबरोबर त्याच पाळीत आणखी बावीसजण होते. त्या सर्वांचे अर्ज आता भरून घेत आहोत; पैकी नऊजणांच्या हजेरीच्या पावत्या सापडल्या आहेत, बाकीच्यांच्या शोधणे चालू आहे.